तिसरं नको

एकदा मी एका आख्ख्या बेटाला आग्रह करून वाढलं. पोळी-भाजी नव्हे; मासे गोठवायचा कारखाना वाढला, तोही समोरची माणसं ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'नको' म्हणत असताना. पंचविशीत केलं असतं तर पोरकटपणा म्हणून सुटले असते. पण मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते, चष्मा लावत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. हे तिन्ही एकत्र आलं की बाई धोकादायक होते.

लंडनमध्ये एका सरकारी खात्यात मी नोकरीला होते. ब्रिटनचं साम्राज्य आवरून झालं तरी समुद्रात इथेतिथे काही बेटं उरली होती, जेवण झाल्यावर ताटाच्या कडेला चार शितं राहावीत तशी. त्या बेटांना सरकारने द्यायची मदत, म्हणजे शाळेचं छप्पर, दवाखान्याची उपकरणं, धक्क्याची डागडुजी, शिवाय 'आर्थिक विकास' नावाचं जे काही असतं ते, एका जागी जुळवून आणायचं काम माझ्याकडे. को-ऑर्डिनेटर म्हणत मला. को-ऑर्डिनेटर म्हणजे जिला सगळे जाब विचारतात आणि जिचं कोणी ऐकत नाही अशी बाई. मी मात्र एजवेअरच्या घरून ट्यूब रेल्वेने ऑफिसला जाताना अशी ताठ बसायचे, जणू समुद्र माझ्याच पर्समध्ये आहे.

ते बेट दक्षिणेकडच्या समुद्रात, कुठल्याही किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर. नाव सांगणार नाही. आधीच पुष्कळ त्रास दिलाय मी त्यांना. विमान उतरायला सपाट जागा नाही. जहाज वर्षातून तीनदा जायचं, तेही लांब उभं राहायचं, कारण बंदर नाही. मग गावातल्या तीन मोठ्या होड्या जहाजापर्यंत जायच्या, सामान उतरवून घ्यायच्या, आणि परत आल्या की त्यांना उतारावरून वर खेचून घ्यायचं. खेचायला विंच होतं, म्हणजे दोरखंड गुंडाळत होडी ओढणारं यंत्र. होडी पाण्यात ठेवून चालत नसे. तिकडचा हिवाळा आपल्या उन्हाळ्यात येतो, आणि त्या हिवाळ्यात अशा लाटा उठतात की पाण्यात राहिलेली होडी सकाळी सापडते ती चुलीत घालण्याजोगी.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. फाइलमध्ये होतं, फाइलवर माझी सही होती. अज्ञानाची सबब मला नाही, हे आधीच सांगून टाकते.

बेटाचं विंच म्हातारं झालं होतं. त्यांनी नवं मागितलं. मागणी मंजूर झाली, विंच घेतलं गेलं, गोदामात येऊन बसलं. त्याच सुमारास आमच्या खात्याला साक्षात्कार झाला की ह्या बेटाने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. आता बेटाला पाय कुठून आणायचे? पण आमच्या साहेबाकडे उत्तर होतं: मासे गोठवायचा छोटा कारखाना. गोठवलेले मासे परदेशी विकायचे की झाला विकास. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चांगल्या शाळेतला, आणि त्याचा आवाज असा मऊ की सुरी लागल्याचं घरी गेल्यावर कळायचं. त्याने मला बेटाला कळवायला सांगितलं.

बेटाच्या कौन्सिलची सेक्रेटरी साठीची बाई होती. शाळेत शिकवायची, पोस्ट सांभाळायची आणि कौन्सिलची पत्रं लिहायची. तिचा फॅक्स आला. रेघी कागद, मास्तरणीचं अक्षर: 'आभार. कारखाना नको. आमचा जनरेटर रात्री दहाला बंद होतो. मासे आम्ही वाळवतो, वारा फुकट आहे. मंजूर झालेलं विंच पाठवा. जुन्याचे दात झिजले आहेत. हिवाळ्याआधी पाठवा.'

ह्यात न कळण्यासारखं काय आहे? काही नाही. परवा माझ्या नातीला वाचून दाखवलं, ती नऊ वर्षांची आहे आणि तिचं मराठी म्हणजे खिचडी, ती म्हणाली, "आजी, त्यांना विंच पाहिजे. दॅट्स इट."

पण मी नागपूरची ना! आमच्याकडे पाहुणा 'नको' म्हणतो ती जेवणाची सुरुवात. माझ्या आईचा कायदा होता: पहिलं नको लाजेचं, दुसरं नको रीतीचं, तिसरं नको पोटाचं. तिसऱ्याला थांबायचं, तेही मुकाट्याने नव्हे, "काही जेवलाच नाहीत" असं बोलून. पहिल्याच 'नको'ला भांडं उचलणारी बाई आमच्या गल्लीत बदनाम व्हायची. तर हा फॅक्स हातात धरून मी काय म्हणाले असेन? "किती संकोची माणसं बाई!"

हसू नका. याहून वाईट पुढेच आहे. हे मी भर मीटिंगमध्ये सांगितलं. ते दिवस डायव्हर्सिटीचे होते. खात्यातल्या एकुलत्या एका साडीवालीला (मी साडी वर्षातून दोनदा नेसायचे, तरी साडीवालीच) आपल्या संस्कृतीबद्दल काही बोलावंसं वाटतंय म्हटल्यावर सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. मी उभी राहून आईचा कायदा इंग्रजीत समजावून सांगितला. पहिला नो, दुसरा नो, तिसरा नो. हातवारे करून. साहेब म्हणाला, "हाउ फॅसिनेटिंग. म्हणजे तुमच्या मते हा नकार नाही?"

"हा पहिला आहे," मी म्हणाले. "पहिला मोजायचा नसतो."

त्याला हेच हवं होतं. त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, माझं कौतुक म्हणून लिहितोय. त्या दिवशी परतताना मी स्वतःला कॉफी आणि केक घेतला. आता त्या केकची आठवण झाली की दात ठणकतात.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा डॉक्टर, हॉस्पिटलातून दमून आलेला, आणि मूळचा पुण्याचा.

"अगं, त्यांना खरंच नको असेल तर?" तो म्हणाला.

"अहो, आग्रहाच्या विषयावर पुण्याच्या माणसाने बोलू नये."

"का? आमच्याकडे माणसाच्या शब्दाला किंमत आहे. नको म्हणाला, संपलं."

"हो, ती किंमत मी भरली आहे."

भरली होतीच. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आमटी घेतेस?" मी आईच्या वळणाने म्हणाले, "नको." आमटी पुढे गेली. भात आला. "नको." भात गेला. मी आपली दुसऱ्या फेरीची वाट बघत बसले, आणि सासूबाई पानं उचलायला लागल्या. पाच दिवस मी अर्धपोटी होते. सहाव्या दिवशी नवऱ्याने गुपचूप बेकरीतून पॅटिस आणून दिलं, तेव्हा कुठे संसार मार्गी लागला. ज्या बाईचं पोट हे शिकलं होतं, की प्रत्येक घरचं 'नको' वेगळं असतं, त्या बाईचं डोकं पंचवीस वर्षांनी ते साफ विसरलं. पोट माझं हुशार आहे. डोक्याचंच काही खरं नाही.

मी बेटाला पुन्हा लिहिलं. गोड लिहिलं. कारखान्यामुळे काय काय होईल, तरुण मंडळी कशी गाव सोडून जाणार नाहीत, जनरेटरचंही बघू. उत्तर आलं: 'नको. कारणं आधीच्या पत्रात आहेत. विंच.'

"दुसरं!" मी साहेबाला म्हणाले. अगदी क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.

आणि मग मी तिसऱ्याची वाट पाहिली. मनापासून पाहिली, तिसरं आलं असतं तर साहेबाशी भांडून मी कारखाना थांबवला असता, असं मी त्यानंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते आलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. जहाजाच्या येत्या फेरीला डेकवर एकाच मोठ्या नगाला जागा होती. कारखान्याची खोकी की विंच, हे ठरवायचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. साहेब दारात उभा राहून म्हणाला, "तिसरा नो आलेला नाही ना?"

"नाही."

"मग तुमच्या आईचं म्हणणं काय?"

मी कारखान्यापुढे एक लिहिलं, विंचपुढे दोन. वाटलं, आधी श्रीखंड वाढावं, भात काय, मागून येतोच.

दोन महिन्यांनी बेटावरून फोन आला. सॅटेलाइटचा फोन, आवाज जायला-यायला दोन सेकंद लागत. भांडणाला हे फार वाईट. आपण बोलून मोकळे होतो, समोरची गप्प असते, आपल्याला वाटतं निरुत्तर झाली. आपण पुढचं बोलायला तोंड उघडतो आणि त्यावरच तिचं मागचं उत्तर येऊन आदळतं.

"विंच कुठे आहे?" सेक्रेटरी म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पुढच्या फेरीला येतंय. आता पहिल्या नंबरवर लावलंय मी."

"पुढची फेरी हिवाळा संपल्यावर आहे."

"मला वाटलं, जुनं अजून थोडं—"

"जुनं तुमच्या खोक्यांनी मोडलं. खोकी उतरवून घेतलेली होडी वर खेचताना त्याचे दात उडाले. बाकीची खोकी आम्ही हातांनी चढवली. शाळेची मुलंसुद्धा दोराला लावली."

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. निदान माफी मागायला हवी होती. पण खुर्चीत बसलेली बाई माफी मागत नाही, ती मुद्दा मांडते. मी म्हणाले, "तुम्ही ठामपणे कळवलं असतं तर—"

"मी दोनदा नाही म्हणून लिहिलं."

"हो, पण तिसऱ्यांदा काहीच आलं नाही."

मला वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, तोच तो फुकटचा वारा.

"आमच्याकडे," ती म्हणाली, "एखाद्याला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली तर तो बहिरा असतो नाहीतर मूर्ख. दुसरं पत्र लिहावं की नाही, ह्यावर कौन्सिलमध्ये तासभर वाद झाला, तुमचा अपमान होईल म्हणून. तिसरं लिहायला कोणी तयारच नव्हतं."

फोन ठेवला तिने. मी रिसीव्हर कानालाच धरून बसले आणि समोरून साहेब जाताना बघून "येस, येस, ऑफ कोर्स" असं दोनदा म्हणाले. कोणाला, देव जाणे.

त्यानंतर मी विंचमागे लागले. खरंच लागले. मासेमारीची जहाजं, शोधमोहिमेची जहाजं, नौदल, जे कोणी त्या दिशेला फिरकत असेल त्याला फोन केले. प्रत्येकाने मऊ आवाजात नाही सांगितलं, आणि गंमत बघा, त्यांचं पहिलंच नाही मला लगेच कळलं. मोठ्या माणसांचं 'नाही' कळायला मला कधी अडचण आली नाही. मी आग्रह केला तो फक्त लहानांना. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, तेव्हा जरा थांबून पुढे जा.

होड्या हातांनी ओढत गावाने काही आठवडे काढले. मग एक फॅक्स आला: 'काल लाटेत माझ्या भावाची होडी गेली. तीन होत्या, दोन उरल्या. माणूस कोणी गेला नाही.' खाली सही. विंच हा शब्दसुद्धा नव्हता. तो तिने आधी दोनदा लिहिलेला होता.

कागद घेऊन मी साहेबाकडे गेले. त्याने वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. "दुर्दैवी आहे," तो म्हणाला. "पण को-ऑर्डिनेशन तुमचं होतं. आणि सांस्कृतिक विश्लेषणही, नाही का?" मीटिंगमधली ती टिपणं त्याने तारखेसकट जपून ठेवली होती. मी म्हणाले, "कारखाना तुमचा होता." तो म्हणाला, "कारखाना खात्याचा होता." आणि मॉनिटरकडे वळला. त्या माणसाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या नागपुरातल्या होत्या आणि अस्सल होत्या. पण होडीचा कागद त्याच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता.

विंच पोचलं, हिवाळा उलटल्यावर. आणि त्याच जहाजाच्या परतीच्या फेरीने सेक्रेटरी लंडनला आली, सगळ्या बेटांच्या प्रतिनिधींची वर्षाची बैठक होती म्हणून. बुटकी, रुंद, हाताने विणलेला राखाडी स्वेटर. माझी ओळख करून दिली तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच त्या." पुढे काही नाही. दोन दिवस ती टेबलाच्या पलीकडे बसली आणि मी बोलायला लागले की खिडकीबाहेर बघायची.

मला माफी मागायची होती. पण तोंडाने माफी मागायची आमच्या घरात पद्धतच नाही. आम्ही ती जेवणात घालून वाढतो. मी तिला रविवारी दुपारी घरी बोलावलं.

"येते," ती म्हणाली.

"नक्की याल ना? संकोच करू नका. मिस्टर न्यायला येतील."

"मी येते म्हणाले."

"म्हणजे काही दुसरा कार्यक्रम असेल तर—"

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला 'हो' सुद्धा एकदा ऐकू येत नाही का?"

रविवारी मी मसालेभात केला, भरली वांगी, बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड. ती वेळेवर आली, खुर्चीवर नीट बसली आणि न बोलता भरपूर जेवली. माझा नवरा हवापाण्याचं बोलत होता. मी विचारलं, कारखान्याचं काय केलंत?

"खोकी अजून उतारावर आहेत. बकऱ्या त्यांना अंग घासतात. बकऱ्यांना आवडलाय."

नवऱ्याला हसू आलं. तिला आलं नाही.

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या होडीवर जातो. पंचावन्न वर्षांचा आहे. स्वतःच्या होडीत सुकाणू धरायचा, आता दुसऱ्याच्या होडीत पाणी उपसतो. घरी फारसा बोलत नाही." तिने पाणी प्यायलं. "त्याला लाकूड पाहिजे. होडी तो स्वतः बांधेल, आमच्या उताराला बसते तशी. लाकडाची यादी मी आणली आहे."

इतके महिने छातीवर बसलेलं ओझं उतरवायची संधी समोर ताट घेऊन बसली होती. मी म्हणाले, "लाकूड कशाला? बांधायला दोन वर्षं जातील. मी फायबरची तयार होडी पाठवते. एकदम नवी. इंजिनासकट."

"नको. लाकूड."

"अहो, पण फायबर हलकं असतं, टिकतं, आणि मंजुरीचं मी बघते, तुम्ही त्याची काळजी—"

बोलता बोलता माझा हात आपल्या कामाला लागला होता. तिने ताटावर हात धरला होता. मी त्या हाताच्या बाजूने ताटात गरम पुरी सरकवली.

"अगं!" नवरा मराठीत ओरडला.

पुरी श्रीखंडात अर्धी बुडून बसली. सेक्रेटरीने पुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुसला. पिशवीतून बैठकीची वही काढली, लाकडाची यादी होती तिच्या मागचं कोरं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि शाळेतल्या सगळ्यात ढ मुलीशी बोलावं तशी शांतपणे म्हणाली:

"तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नेमकं कसं म्हणायचं? सांगा, मी लिहून घेते. बेटावर सगळे विचारताहेत."